मुठीचं माप

वहीत एवढंच लिहिलंय :
उकळी फुटली की एक मूठ.
उतरवायच्या आधी अर्धी.
ग्रॅम नाहीत, औंस नाहीत.
मापाला माझा बाप बिचकायचा.
पोरवयात आईबरोबर हॉप्सच्या तोडणीला जायचा तेव्हा
मुकादम टोपलीत कोपरापर्यंत हात घालून
बोंडं दाबायचा,
दोन टोपल्यांची एक व्हायची
डोळ्यांदेखत.

तो मळा आता नाही. त्रेसष्टला मर लागली,
वेली मुळासकट उपटून जाळल्या.
तिथं मेंढ्या चरतात, आणि कुणाचा तरी म्हातारा घोडा.
पण ब्रॉमयार्डच्या वरच्या अंगाला, ओढ्यालगत,
कुंपणातून एक फगल सटकली होती.
हेझलच्या खांद्यावर पाय देत
सूर्याच्या चालीनं गिरक्या घेत
दरसाल वर जाते.
कुणी लावली नाही, म्हणून कुणी उपटलीही नाही.

सप्टेंबरात शाळेची बस धुऊन उभी केली
की मी शिडी घेऊन निघते.
बोंडं कागदासारखी. चुरडली की
बोटांवर पिवळी पूड, मग काळा डाग,
साबणाला न जुमानणारा.
वास ओल्या मातीचा, चहाच्या रिकाम्या पेटीचा,
आणि बापाच्या कोटाच्या खिशाचा.

पहिल्या वर्षी ओस्विन प्रीसनं एक घोट घेतला,
खिडकीबाहेर बघितलं, म्हणाला,
हेडलीची नाही ही.
दुसऱ्या वर्षी म्हणाला, रंग हेडलीचा.
तिसऱ्या वर्षी काही न बोलता
ग्लास मोरीत ओतला
आणि मोरीची माफी मागितली.

कडू. नुसती कडूजहर.
मी पाणी बदललं, विहिरीचं आणलं.
तपकिरी माल्ट घरच्या भट्टीत इतकं भाजलं
की धुराचा भोंगा वाजून शेजारीण धावत आली.
यीस्ट तेच, बापाचंच,
विरजणासारखं बरणीतून बरणीत जगवलेलं.
मग चुकतंय कुठं?
वहीतली ओळ मी पाढ्यासारखी म्हणायचे :
एक मूठ. अर्धी मूठ.

या वर्षी शेड आवरताना
खिळ्यांच्या डब्यामागं एक हातमोजा सापडला.
उजवा. चामडं ताठरलेलं.
करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट
मुळाशी कापून टाकलेलं, आणि तिथं
आईची टीप. दुहेरी दोऱ्याची, घट्ट.

अठ्ठावन्न साल. तोडणीचं नवं यंत्र.
मला ठाऊक होतं. म्हणजे
ठाऊक होतं तेवढंच.
तो हात सदा खिशात असायचा,
लग्नात, चर्चमध्ये, माझ्या शाळेच्या फोटोत.
झाकली मूठ.
मी तिच्याकडं बघायचं नाही, हे
कुणी न सांगता शिकले होते.

सहासष्ट अंशांवर तासभर मुरलेलं ते काळं पाणी
गाळून मोठ्या पातेल्यात चढवलं.
उकळी फुटली, काचा धुरकटल्या.
ओट्यावर वजनकाटा होता. तो फडताळात ठेवला.
दोन बोटं तळव्यात दुमडली,
उरलेल्यांनी बोंडं उचलली.
जिथं बोटं नव्हती तिथून
हिरवी गळत राहिली, फरशीवर, चपलेवर,
मी वेचली नाहीत.

आता शेडमधून अधूनमधून आवाज येतो,
बुडुक,
जणू कुणी घोट गिळून गप्प बसलंय.
ओस्विन रोज फाटकाशी थांबतो.
मी सांगते, आंबतंय अजून.
तो टोपी सारखी करतो, जातो.

रात्री कप धुताना लक्षात आलं,
ती दोन बोटं
मी अजून उघडलेली नाहीत.